न्हाणीमागचा बांबू

बांबू आणला तेव्हा तो डालड्याच्या डब्यात मावत होता. आबासाहेब मुलाचं, ज्ञानेशचं लग्न ठरवायला इंदापूरला गेले होते. तिथं व्याह्यांच्या घराशेजारी एका साहेबाच्या बंगल्याभोवती बोटाएवढ्या पिवळ्या काड्यांचा दाट पडदा त्यांनी पाहिला. पलीकडून माणूस चालत गेलं तरी दिसत नव्हतं. माळ्याला चहा पाजून त्यांनी एक मुळी मागून घेतली आणि एसटीत डबा मांडीवर धरून वडगाव निंबाळकरच्या फाट्यावर उतरले. फाट्यापासून वस्तीपर्यंत चालत आले तेही डबा छातीशी धरूनच.

"हे काय आणि?" रंगूबाईनं विचारलं.

"न्हाणीला आडोसा," ते म्हणाले.

घराच्या मागं शहाबादी फरशीची उघडी न्हाणी होती, तीन बाजूंना गोणपाटं बांधलेली. शेजारच्या मोहनरावांनी, म्हणजे आबासाहेबांच्या चुलतभावानं, कौलं उतरवून स्लॅब टाकला, वर गच्ची केली, तेव्हापासून रंगूबाई न्हाणीच्या भिंतीसाठी नवऱ्याच्या मागं लागली होती. आता सून येणार होती. ती गावठाणात पक्क्या घरात वाढलेली, दार लावून अंघोळ करणारी. आबासाहेबांचं उत्तर ठरलेलं असे. घरच पुढंमागं नवीन बांधायचंय, मग आत्ता न्हाणीला विटा कशाला घालायच्या? नवं घर कैक वर्षं पुढंमागंच राहिलं होतं.

त्यांनी न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर बांबू लावला. पहिलं वर्षभर तो नुसता उभा राहिला. रंगूबाईला वाटलं, लागला नाही. दुसऱ्या वर्षी डोक्याच्या वर गेला. गोणपाटं काढून टाकली. आल्यागेल्या पाहुण्याला आबासाहेब हात धरून मागं नेत आणि म्हणत, असला बांबू अख्ख्या बारामती तालुक्यात कुणाकडं नाही. पाहुणा मान हलवी. तोवर प्राची सून होऊन आली होती. पाहुणे मागं आले की तिला दोरीवरचे ओले कपडे ओढून घेऊन आत पळावं लागे.

तिसऱ्या वर्षी तो पळायला लागला.

न्हाणीच्या पुढं रंगूबाईचं परस होतं. खालचा ऊस आबासाहेबांचा, त्यात काय करायचं ते तेच ठरवत. पण परसातले वाफे तिचे होते. मेथी, कोथिंबीर, घेवडा, कडेला वांगी. काय पेरायचं, कधी उपटायचं, बारामतीच्या बाजाराला काय न्यायचं, हे ती कुणाला विचारत नसे. एका सकाळी कोथिंबिरीच्या वाफ्यात तिला एक कोंब दिसला, गाजरासारखा टोकदार, वर तपकिरी साल. तिनं खुरप्यानं उडवला. दुसऱ्या दिवशी तिथं दोन होते. मग मेथीत आले, मग घेवड्याच्या आळ्यात.

आपल्याकडचा बांबू, म्हणजे कळक, एका जागी बेट करून राहतो, हे तिला ठाऊक होतं. माहेरी ओढ्याकाठी होता. तो वाढे, पण जागा सोडत नसे. हा खालून धावत होता. तिनं कुदळ घेऊन एका कोंबाच्या मागं उकरत नेलं, तेव्हा पिवळी मुळी दिसली. उसासारखी पेरं आणि पेरापेराला डोळा. ओढली तर वाफ्याची माती उकलत गेली आणि मुळी तुटली. जेवढी हाती आली तेवढी तिनं तोडली आणि उकिरड्यावर टाकली.

तीच चूक झाली. उन्हाळ्याच्या तोंडाला ज्ञानेशनं उकिरड्यातलं खत वाफ्यांत पसरलं. पाणी दिल्यावर जिथं कोंब कधी नव्हता तिथंही कोंब आला. तुकड्यांना डोळे होते आणि खतात ते जगले होते. उसाची कांडी लावतो तसाच आपण हातानं बांबू लावला, हे रंगूबाईच्या ध्यानात आलं तेव्हा ती वाफ्याच्या वरंब्यावर बसून राहिली. तिला स्वतःचा राग आला, आणि तो कुणावर काढावा कळेना म्हणून तिनं वांग्याचं एक चांगलं झाड उपटून टाकलं.

बाजारात शेजारी बसणाऱ्या चंद्राबाईनं सांगितलं, मिठाचं पाणी ओत, मरतंय. रंगूबाईनं खडेमीठ विरघळवून ओतलं. बांबूला काही झालं नाही. वाफा मात्र पांढरट पडला, त्यात त्या हंगामात मेथी उगवलीच नाही. पुढच्या बाजारी तिच्यापुढं वांग्याची एक पाटी होती, बाकी गोणपाट रिकामं. नेहमीचं गिऱ्हाईक येऊन उभं राही, बघे आणि चंद्राबाईकडून भाजी घेई. चंद्राबाई मान खाली घालून जुडी देई.

आबासाहेबांना सांगून उपयोग नव्हता. ते म्हणत, चार कोंब मोडायला काय लागतंय. त्यांनी स्वतः कधी मोडला नाही. त्या हिवाळ्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. पोटाला पट्टा असे, आणि वजन उचलू नका, असं डॉक्टरनं सांगितलेलं ते दिवसातून दोनदा तरी घरात सांगत.

मग मोहनरावांच्या योगिनीचं लग्न आलं. मोहनरावांनी दारात नवा कोबा केला होता, त्यावर मांडव घालून पंगती बसवायच्या होत्या. मांडववाला मापं घ्यायला आला तेव्हा परसाच्या बाजूला कोब्याची कड उचलल्यासारखी दिसली. पायानं दाबली तर ढेपसा निघाला. खाली कोंब होता. पुढं फटीतून आणखी एक वर आलेला.

मोहनरावांनी आबासाहेबांना बोलावून घेतलं. मांडववाला होता, दोन पाहुणे होते, विहीण चहा घेत बसली होती. मोहनराव ओरडले नाहीत. त्यांनी निघालेला ढेपसा चपलेनं बाजूला सारला आणि म्हणाले, "आबा, माज्या पोरीच्या पंगतीत तुमचा बांबू वाढायचा न्हाय. एवढं बघा."

मांडववाला हसला. आबासाहेब तसेच मागं फिरले. घरी आले, ताटावर बसले आणि न जेवताच उठले. मग रंगूबाईला म्हणाले की तूच कुदळ घालून घालून त्याला उठवलंस, नाहीतर तो आपल्या जागी गप होता. रंगूबाई भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही.

चर काढायचा, असं ठरलं. मोहनरावांच्या हद्दीला लागून आणि पुढं परसाला वळसा घालून मांडीइतका खोल चर, त्यात गोठ्याचे जुने पत्रे उभे करायचे, म्हणजे मुळीला वाट राहणार नाही. ठरवलं आबासाहेबांनी, खाटेवर बसून. खणायचं कुणी, हे ठरलं नाही. ज्ञानेश बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होता, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. त्यानं सुट्टीच्या दिवशी दोन हात चर काढला, तळहाताची सालटी निघाली, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर हात चालेना म्हणून साहेबाच्या शिव्या खाऊन आला. परत त्यानं टिकाव धरला नाही. वस्तीवरच्या बिरूला मजुरीनं बोलावलं. त्यानं दुपारपर्यंत खणलं, मुळ्यांच्या जाळ्यात त्याच्या टिकावाचा दांडा मोडला. जेवायला जातो म्हणून गेला, तो दुसऱ्याच्या उसात खुरपणीला लागला. तिथं सावली तरी होती.

मग रंगूबाईनं कासोटा घातला. प्राचीनं ज्ञानेशचा जुना शर्ट साडीवर चढवला आणि डोक्याला फडकं बांधलं.

वैशाखाचं ऊन होतं. कालव्याचं पाणी बंद, जमीन वरून विटेसारखी. वरची वीत टिकावानं फुटे, खाली मुळ्यांची चटई लागे. टिकाव त्यात रुतून बसे, काढताना खांद्यातून कळ जाई. मग चरात गुडघ्यावर बसून कुऱ्हाडीनं एकेक मुळी तोडायची, तुकडे वेचायचे, एकही राहता कामा नये. तुकडे पाटीत भरून प्राची अंगणातल्या चुलाण्यापाशी नेई, वाळत घाली आणि वाळले की जाळी. राख झाल्याशिवाय ती तिथून हलत नसे. रंगूबाईच्या मांडीला मुळीच्या टोकानं लांब ओरखडा पडला. तिनं त्यावर हळद दाबली आणि परत उतरली.

आबासाहेब मधूनच येऊन काठावर उभे राहत आणि चर सरळ नाही असं सांगत.

पहिल्यांदा दोघी बोलत नसत. सासूसून म्हणून बोलायचं असतं तेवढंच. पण चरात एकीनं तोडायचं, दुसरीनं ओढायचं, असं करता करता जोर लावायचा म्हणून का होईना आवाज निघायला लागला. एकदा मुळी अचानक तुटली आणि प्राची मागं पडली, पार मातीत बसली. रंगूबाईला हसू आलं. प्राची हसली नाही. ती बसल्या जागेवरून न्हाणीच्या बांबूकडं बघत म्हणाली, "आत्या, ह्यो सगळा कापूनच टाकू."

"मामांना इचार," रंगूबाई म्हणाली.

चर न्हाणीपाशी आला तेव्हा ते विचारावंच लागलं. पत्रा बसवायचा तर न्हाणीमागचं रान निम्मं तरी तोडणं भाग होतं, नाहीतर मुळ्या आतच राहणार. रंगूबाईनं सरळ सांगितलं की निम्मं नको, सगळंच काढू, मुळापासून.

"आन् सुनेनं कुठं अंघूळ करायची?" आबासाहेब म्हणाले. "उघड्यावर? घरच्या बाईचा आडोसा हाय त्यो. लाज हाय का न्हाय कुणाला?"

प्राची पाटी घेऊन उभी होती. तिचं तोंड लाल झालं. ती काहीतरी बोलणार असं रंगूबाईला वाटलं, आणि रंगूबाईनंच मानेनं नको म्हटलं. प्राची पाटी उचलून निघून गेली. आडोशाच्या आत दोघी कशा अंघोळ करतात, हे त्या घरात फक्त दोघींनाच ठाऊक होतं. अंगावर लुगडं ठेवून, खाली बसून, पाठ वाकवून, चार तांबे घाईत ओतून. सांगायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. मग मोहनरावांच्या पोरांची नावं निघाली असती, त्यांच्या मित्रांची निघाली असती, भांडण निघालं असतं, आणि शेवटी तुमची नजर वर गेलीच कशाला, इथं येऊन थांबलं असतं.

चर न्हाणीला वळसा घालून पुढं गेला. बांबू राहिला.

हळदीच्या दिवशी प्राची सकाळपासून लग्नघरी कामाला गेली. रंगूबाई दिवसभर चरात होती. पंगती बसायच्या आत मोहनरावांच्या बाजूचे पत्रे उभे व्हायला हवे होते. उन्हं कलली तेव्हा शेवटचा पत्रा बसला. तिनं माती लोटून पायानं दाबली. आता हळदीला जायचं होतं आणि अंगावर मातीचा थर होता. तिनं बादली भरली आणि न्हाणीत गेली.

आबासाहेब कधीच लग्नघरी गेले होते. मांडवात बायकांची गर्दी, म्हणून मोहनरावांनी पुरुष पाहुण्यांना चहाला गच्चीवर नेलं. ती गच्ची झाल्यापासून आबासाहेब तिच्यावर चढले नव्हते. धाकट्या भावाचं वैभव वर जाऊन कशाला बघायचं, असं त्यांचं असे. त्या दिवशी पाहुण्यांपुढं नाही म्हणता येईना. पट्ट्यावर हात ठेवून एकेक पायरी चढले. मोहनरावांनी कालवा दाखवला, ऊस दाखवला, लांबवरचं कारखान्याचं धुराडं दाखवलं. आबासाहेबांनी आपला बांबू शोधला. वरून तो कसा दिसतो ते पाहुण्यांना दाखवावं, असं त्यांच्या मनात आलं. ते कठड्यापाशी गेले.

बांबूचे शेंडे उजेडाकडं, बाहेरच्या बाजूला कलले होते. मधे न्हाणी सगळी उघडी होती. काळी फरशी, बादली, साबणाची वाटी, दोरीवरचं लुगडं. फरशीवर रंगूबाई बसली होती. अंगाला चिकटलेलं ओलं लुगडं, पाठ वाकलेली, मांडीवरचा लांब लाल ओरखडा. ती घाईघाईनं पाणी घेत होती. वर बघत नव्हती. ती कधीच वर बघत नसावी, हे तिच्या मानेवरून कळत होतं.

आबासाहेबांच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, हातात कपबश्या. एकानं पाहिलं आणि तोंड फिरवून कालव्याकडं केलं. दुसऱ्यानं फिरवलं नाही. मोहनराव उसाच्या उताऱ्याबद्दल बोलत होते, ते बोलता बोलता थांबले, आणि मग उगाच मोठ्यानं चहा आणा म्हणाले. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आबासाहेब चहा न घेता खाली उतरले.

रंगूबाई घरात केस पुसत होती. ते उंबऱ्यावरच उभे राहिले.

"तुला ठावं हुतं?"

ते कुठून आले ते तिनं तोंडावरून ओळखलं. "व्हय."

"सुनेला?"

"तिला पयल्या दिवशीच कळलं."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

रंगूबाईनं फडकं दांडीवर टाकलं. "काय सांगायचं? भित मागितली, तुमी बांबू लावला. वर म्हनला आडोसा हाय."

आबासाहेब मागं गेले. थोड्या वेळानं कुऱ्हाडीचा आवाज आला. रंगूबाई धावत गेली. ते बांबूवर घाव घालत होते, नेम नव्हता, कुऱ्हाड गुळगुळीत काडीवरून सटकत होती. काड्या हलत, त्यांच्या तोंडावर पाला येई, आणि ते परत मारत. आठदहा घावांत ते पोट धरून वाकले. रंगूबाईनं हातातून कुऱ्हाड काढून घेतली. तिला त्यांची दया आली नाही. तिला वाटलं, ह्यांना आज एक दिवस लाज वाटली तर एवढं झालं. ह्या तीन वर्षांचं काय?

"बसा तितं," ती म्हणाली. "टाके तुटले तर दवाखान्यात मलाच उभं ऱ्हायचंय."

ते फरशीवर बसले, पाठ वाकवून.

लग्न लागलं, पंगती उठल्या, कोब्यातून कोंब आला नाही. मांडव निघाल्यावर दोघी बायकांनी न्हाणीमागचा बांबू खालून कापला आणि खोडकं खणायला घेतली. अंघोळीला त्या गोठ्यात जात, दाराला घोंगडं लावून. आबासाहेब वडगावला जाऊन विटा सांगून आले. घर नवीन बांधायचंय, हे त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. गवंड्याबरोबर उभे राहून त्यांनी भिंत कुणाच्याही गच्चीवरून दिसणार नाही एवढी उंच नेली आणि वर पत्रा टाकला. गवंडी म्हणाला, एवढी कशाला? ते म्हणाले, घाल.

बांबू मात्र गेला नाही. पाऊस पडल्यावर वाफ्यांत कोंब आले, आतल्या बाजूला ते येणारच होते. पण पत्र्याला पत्रा जिथं नीट चढला नव्हता, त्या सांध्यातूनही एक मुळी निसटली आणि मोहनरावांच्या कोब्याला परत फट गेली. मोहनरावांनी निरोप धाडला. ह्या वेळी रंगूबाई उठली नाही. ती घेवड्याला काठ्या लावत होती, तशीच लावत राहिली. प्राचीही उठली नाही.

आबासाहेबांनी खुरपं घेतलं आणि ते स्वतः गेले. मोहनरावांच्या दारात, धाकट्या भावाच्या सुना ओट्यावर बसलेल्या असताना, ते उकिडवे बसले आणि फटीतला कोंब उकरून काढला. पट्टा टोचत होता. मुळी हाताला लागली तेवढी त्यांनी तोडली, तुकडे धोतराच्या सोग्यात गोळा केले, एकही खाली पडू दिला नाही. मोहनराव वर्तमानपत्र वाचत होते. चहा घ्या, असं ते म्हणाले नाहीत. आठवडाभरानं परत जावं लागलं, आणि त्यानंतरही. वस्तीवर माणसं विचारत, आबा, कुणीकडं खुरपं घेऊन? ते सांगत, जरा काम हाय.

रंगूबाईनं त्या हंगामात निम्म्याच वाफ्यांत मेथी टाकली. बाकीचे पडीक ठेवून ती रोज सकाळी त्यातून फिरे, कोंब दिसला की मोडी. अजून किती वर्षं फिरायचं, ह्याचा तिनं विचार सोडून दिला होता. कधी राग यायचा, कधी नुसतं पाय दुखायचे.

श्रावणातल्या एका सकाळी ती बाजारातून नेहमीपेक्षा लवकर आली. प्राचीनं बंबाचं पाणी काढून ठेवलं होतं. रंगूबाई न्हाणीत गेली, कडी लावली आणि लुगडं सोडून खुंटीला टाकलं. मग उभी राहिली. ताठ. एवढ्या वर्षांनी उभ्यानं अंगावर पाणी घ्यायचं म्हणजे कसं, हे तिला क्षणभर सुचेना. तिनं केस मोकळे केले, तांब्या भरून डोक्यावर धरला आणि सावकाश सोडला. पाणी पाठीवरून, मांडीवरून, घोट्यापर्यंत गेलं.

बाहेर आबासाहेब मोहनरावांकडं जायला निघाले होते. खुरप्याला धार लावायची तर दगड न्हाणीत होता.

"आगं, किती येळ?" त्यांनी दारापाशी येऊन विचारलं.

रंगूबाईनं ऐकलं. तिनं बादलीत तांब्या बुडवला, काठोकाठ भरून घेतला आणि परत डोक्यावर धरला.